भातुकलीतली पापं

जर्मनीतल्या एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठातला एक तरुण संन्यासी पापनिवेदनाला बसला की कधीकधी सहा सहा तास उठायचा नाही. गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात तो हा विधी एरवी काही मिनिटांत उरकतो. त्यात हा माणूस मठात राहणारा, ठरल्या प्रहरांना स्तोत्रं म्हणणारा, उपास काढणारा, पुरेसं पांघरूण न घेता थंडीत कुडकुडणारा. सांगायला सहा तास लागावेत एवढं पाप तो करत होता तरी कधी? आणि सगळं सांगून, क्षमेचे शब्द ऐकून उठला, तरी मनात पाल चुकचुकायची. काहीतरी सांगायचं राहिलंय. मग तो परत फिरायचा.

हा संन्यासी म्हणजे मार्टिन ल्यूथर, ज्याच्यापासून पुढे प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला. १५२१ साली वर्म्सच्या सभेत सम्राटासमोर उभा राहून आपल्या मतांपासून माघार घ्यायला नकार देणारा ल्यूथर सगळ्यांना माहीत असतो. मला त्याच्या आधीचा, भेदरलेला ल्यूथर हवा आहे. देवाचं भय आणि रोजची काळजी यांची गाठ कशी बसते, आणि ती सोडवताना काय होतं, हे त्याच्या बाबतीत जितकं तपशिलात दिसतं तितकं क्वचितच कुणाच्या बाबतीत दिसत असेल. एक गोष्ट आधीच सांगतो. मठातल्या दिवसांबद्दलच्या आठवणी बहुतेक त्याच्या स्वतःच्या आहेत, आणि बऱ्याच वर्षांनी सांगितलेल्या आहेत. जेवणाच्या टेबलावर तो बोलायचा आणि भोवतालचे विद्यार्थी टिपून घ्यायचे. म्हातारपणी माणूस तरुणपणच्या गोष्टींना थोडं तिखटमीठ लावतोच, हे धरूनच त्या वाचायच्या.

नवस

ल्यूथर १० नोव्हेंबर १४८३ला आइसलेबेनला जन्मला. बाप हान्स तांब्याच्या खाणी आणि भट्ट्यांच्या धंद्यात कष्ट करून वर आलेला. पोरानं कायदा शिकून घराण्याचं नाव काढावं एवढी त्याची साधी इच्छा. एर्फुर्टच्या विद्यापीठातून १५०५च्या सुरुवातीला मार्टिन पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झाला आणि कायद्याच्या वर्गात जाऊ लागला. त्या वर्षी २ जुलैला घरून एर्फुर्टला परतताना श्टॉटर्नहाइम गावाजवळ त्याला वादळानं गाठलं. जवळच वीज पडली. भुईवर कोसळलेला तो ओरडला, ‘संत आन्ना, मला वाचव, मी संन्यासी होईन!’ संत आन्ना ही खाणकामगारांची कैवारी. घरात लहानपणापासून कानावर पडलेलं नावच ऐनवेळी तोंडातून निघालं.

आपल्याकडे याला नवस म्हणतात, आणि नवस फेडायचा असतो. १७ जुलैला तो मठात दाखल झाला. बाप संतापला.

पुढे १५०७च्या २ मे रोजी त्यानं पहिली मिस्सा, म्हणजे धर्मगुरू म्हणून वेदीवरची पहिली उपासना, अर्पण केली. त्यासाठी हान्स वीस घोडेस्वार घेऊन आला आणि मठाच्या स्वयंपाकघराला वीस गुल्डन देऊन गेला, म्हणजे राग बराचसा निवळला होता. वेदीवर मात्र वेगळंच घडलं. ‘जिवंत, खऱ्या, सनातन देवा, तुला’ अशा अर्थाचे शब्द उच्चारताना ल्यूथरचे पाय लटपटले. राजासमोर बोलताना माणसाची बोबडी वळते, आणि मी धुळीचा कण या देवाशी बोलतोय! वेदी सोडून पळून जावंसं त्याला वाटलं. नंतर जेवणाच्या वेळी त्यानं बापाला विचारलं, माझ्या संन्यासावर तुम्ही एवढे का रागावला होता? हान्सनं भर पंगतीत सुनावलं: आईबापाचा मान राख अशी आज्ञा आहे, ती वाचली नाहीस का? आणि ते वादळ देवाकडचंच होतं, सैतानाची भूल नव्हती, हे कशावरून?

बापाच्या तोंडून हे ऐकल्यावर पोराच्या काळजाचं काय झालं असेल! ज्या भीतीवर त्यानं सगळं आयुष्य उभं केलं होतं, ती भीती तरी खऱ्या देवाची होती का, हाच प्रश्न बापानं पंगतीत टाकला होता. ल्यूथर हे वाक्य कधी विसरला नाही. त्याच्या भीतीचा सगळा खुलासा बापाशी असलेल्या नात्यात शोधणारे अभ्यासक विसाव्या शतकात झाले. मला तो खुलासा अर्धवट वाटतो, कारण त्या काळी जर्मनीत कडक बाप घरोघरी होते आणि सहा तास पापं सांगणारे संन्यासी नव्हते.

खतावणी

मग त्याला नेमकं काय सतावत होतं? इथे थोडं धर्मशास्त्रात शिरावं लागेल, कारण ल्यूथरच्या काळजीचं यंत्र तिथे तयार झालं होतं.

१२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मसभेनं नियम केला होता की प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीनं वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूपुढे पापनिवेदन करावं. आठवतील ती सगळी गंभीर पापं सांगायची. ‘आठवतील ती’ या शब्दांतच मेख आहे. साधा शेतकरी आठवतात ती सांगतो आणि घरी जाऊन जेवतो. पण ज्याला वाटतं की न आठवलेलं पापही आपल्याच गाफीलपणामुळे आठवलं नाही, त्याचं काय?

दुसरा पेच याहून बारीक. ल्यूथरनं दीक्षेआधी गाब्रिएल बील या धर्मपंडिताचा मिस्सेवरचा ग्रंथ मन लावून वाचला होता. त्या परंपरेतली शिकवण अशी: माणसानं आपल्यात जे आहे ते सगळं करावं, म्हणजे देव त्याला कृपा नाकारत नाही. ऐकायला किती दिलासा देणारं! तुझ्या ऐपतीपलीकडचं देव मागत नाही. पण हेच वाक्य काळजीखोर माणसाच्या हाती द्या आणि बघा. तो विचारणार, मी माझ्यात जे आहे ते ‘सगळं’ केलं का? काल रात्री प्रार्थनेला उठलो, पण मन लावून उठलो का? पश्चात्ताप झाला, पण तो देवावरच्या प्रेमापोटी झाला की नरकाच्या भीतीपोटी? भीतीपोटी झाला असेल तर तोही खोटा. म्हणजे आता पश्चात्तापाचाच पश्चात्ताप करायला हवा.

दुकानदार रात्री खतावणी जुळवायला बसतो आणि दोन रुपये कुठे गेले ते सापडत नाही, तशी ही अवस्था. फरक एवढाच की इथे दोन रुपयांसाठी सनातन नरक आहे. ल्यूथर नंतर म्हणाला होता की संन्यासीपणानं कुणाला स्वर्ग मिळणार असता तर तो मला मिळाला असता. कामाच्या रगाड्यात नित्याच्या प्रार्थना राहून गेल्या, तर तो शनिवारी स्वतःला कोंडून घ्यायचा आणि अन्नपाण्याविना आठवड्याची थकबाकी फेडायचा. ‘थकबाकी’ हा शब्द माझा आहे, पण त्याच्या वागण्याला दुसरा शब्द मला सुचत नाही.

आजचे मानसोपचारतज्ज्ञ हे चक्र लगेच ओळखतील. शंका येते, जीव कासावीस होतो, माणूस तपासतो किंवा कबुली देतो, घटकाभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातूनच पुढच्या शंकेला बळ मिळतं. मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, धर्माच्या अंगानं जाणारा एक प्रकार त्यांच्या ओळखीचा आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आज निदानाची चिठ्ठी चिकटवण्यात मला रस नाही. चक्राचा आकार तेवढा तोच आहे.

ल्यूथर एकटा नव्हता. १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसात लोयोलाचा इग्नाशियस, म्हणजे पुढे जेझुइट संघ स्थापन करणारा, याच वेढ्यात सापडला होता. त्याच्या धर्मगुरूनं हुकूम दिला, जुनी पापं पुन्हा सांगू नकोस, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग. पंचाईत अशी की इग्नाशियसला सगळीच पापं अगदी स्पष्ट दिसत होती! (याच इग्नाशियसचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२च्या मे महिन्यात गोव्याला उतरला.) एक रोमची सत्ता मोडायला निघालेला, दुसरा ती सावरायला निघालेला, आणि तरुणपणी दोघांचं दुखणं एकच.

श्टाउपिट्झचा इलाज

ऑगस्टिनियन संघाच्या त्या शाखेचे प्रमुख योहान फॉन श्टाउपिट्झ हे या प्रकरणातले वैद्य. मुरलेले, विनोदी, थोडे कंटाळलेले गृहस्थ. ल्यूथर पुन्हा पुन्हा बारीकसारीक गोष्टी घेऊन येऊ लागला तेव्हा त्यांनी त्याला झापलं. त्याचा मथितार्थ असा: ख्रिस्तानं तुला क्षमा करायला हवी असेल तर खरंखुरं पाप तरी घेऊन ये. खून, व्यभिचार, देवनिंदा, असं काहीतरी. हे काय बाहुल्यांचे खेळ मांडलेस? पादलास तरी त्याचं पाप करतोस!

मूळ जर्मनमध्ये ‘बाहुल्यांची पापं’ असाच शब्द आहे. मराठीत मी त्यांना भातुकलीतली पापं म्हणेन. भातुकलीत पोरं खोटा स्वयंपाक करतात आणि त्यात इतकी रमतात की खऱ्या जेवणाच्या हाका ऐकू येत नाहीत. श्टाउपिट्झना हेच दिसलं असावं. हा माणूस छोटी पापं मोजण्यात इतका गुंतलाय की मोठं पाप आणि मोठी क्षमा या दोन्ही गोष्टी त्याच्या नजरेआड झाल्यात.

दुसरा प्रसंग १५१५चा, आइसलेबेनचा. ख्रिस्ताच्या देहाच्या सणाची मिरवणूक. श्टाउपिट्झ पवित्र संस्काराची भाकर हाती घेऊन पुढे चाललेले, ल्यूथर पौरोहित्याच्या वस्त्रांत मागून चाललेला. अचानक त्याला दरदरून घाम फुटला, आता जीव जातो की काय असं वाटलं. नंतर त्यानं श्टाउपिट्झना सांगितलं तेव्हा ते म्हणाले: तुला घाबरवलं तो ख्रिस्त नव्हे. ख्रिस्त घाबरवत नाही, धीर देतो.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. लहानपणापासून ल्यूथरच्या मनात इंद्रधनुष्यावर न्यायनिवाडा करायला बसलेल्या ख्रिस्ताचं चित्र होतं. तो घाबरायचा ते त्या चित्राला. त्याला ती देवभक्ती वाटायची. आणि बारकाईनं पाहिलं तर त्या सहा तासांत देवाविषयी फारसं काही नव्हतंच. होतं ते मार्टिनविषयी: मार्टिननं काय केलं, काय राहिलं, मार्टिनचं काय होणार. रोजची काळजी देवाच्या भयाचा झगा घालून आली होती, आणि झगा मठातलाच असल्यामुळे ती कुणाला ओळखू आली नाही.

आणखी एका वडीलधाऱ्या संन्याशानं त्याला म्हटलं होतं, देव तुझ्यावर रागावलेला नाही, तूच देवावर रागावला आहेस. हा घाव वर्मी बसला. १५४५ साली स्वतःच्या लॅटिन लेखनसंग्रहाच्या प्रस्तावनेत ल्यूथरनं कबूल केलं की निर्दोष संन्यासी म्हणून जगत असतानाही पाप्यांना शिक्षा करणाऱ्या न्यायी देवावर माझं प्रेम नव्हतं, मी त्याचा द्वेष करत होतो. नुसता धाक असला की मनात असा विखार साचतो. मारकुट्या मास्तरांच्या वर्गात बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

श्टाउपिट्झनी आणखी एक इलाज केला. त्यांनी ल्यूथरला कामाला लावलं: डॉक्टरेट कर, प्रवचनं कर, शास्त्र शिकव. ल्यूथरनं पंधरा कारणं सांगून अंग काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण १९ ऑक्टोबर १५१२ला विटेनबर्गला तो डॉक्टर झालाच. मग बायबलमधली स्तोत्रं, रोमकरांस पत्र, गलतीकरांस पत्र यांवर व्याख्यानं सुरू झाली. स्वतःच्या मनात खणत बसलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्यांसाठी उघडायचा ग्रंथ आला.

भय आणि चिंता

मराठी पवित्र शास्त्रात नीतिसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा प्रारंभ आहे असं म्हटलंय, आणि फिलिप्पैकरांस पत्रात पौल सांगतो, कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका. एक वचन भ्या म्हणतं, दुसरं काळजी नको म्हणतं. दोन्ही पाठ असलेला माणूस गोंधळला तर त्याचा काय दोष?

थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. बोलीत भय असतं ते सापाचं, भुताचं, अंधाराचं. जिच्यासमोर आवाज चढवायचं धाडस होत नाही आणि जी आजारी पडली तर घर पोरकं वाटतं, त्या आजीचं आपल्याला ‘भय’ नसतं, ‘धाक’ असतो. धाकाच्या माणसापासून आपण पळत नाही. शास्त्रातल्या ‘भय’ या शब्दात हे दोन्ही एकत्र कोंबलेलं आहे. मूळ भाषांतही भयासाठी आणि चिंतेसाठी वेगळे शब्द आहेत. ग्रीकमध्ये भीतीसाठी ‘फोबॉस’, आणि पौल फिलिप्पैकरांना जी नको म्हणतो, येशू डोंगरावरच्या प्रवचनात काय खावं-काय प्यावं म्हणून जी करू नका म्हणतो, ती चिंता ‘मेरिम्ना’.

निर्गमच्या विसाव्या अध्यायात तर एकाच वचनात दोन्ही आहे. सीनाय डोंगर धुरानं भरलाय, ढग गडगडतायत, लोक थरथरत दूर उभे आहेत. मोशे म्हणतो, भिऊ नका. देव आलाय तो यासाठी की त्याचं भय तुमच्या डोळ्यांपुढे राहावं. भिऊ नका, आणि भय राहू द्या. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशूही तेच करतो. आत्मा आणि शरीर दोन्हींचा नाश करू शकणाऱ्याला भ्या म्हणतो, आणि लगेच चिमण्यांकडे बोट दाखवून सांगतो की तुमच्या डोक्याचे केसही मोजलेले आहेत, तेव्हा भिऊ नका. ज्याला भ्यायचं तोच केस मोजतोय. मोजणी चालू आहे, पण ती पापांची नाही. ल्यूथर मठात नेमकी उलटी मोजणी करत होता.

ऑगस्टिनची एक जुनी उपमा आहे. दोन बायका नवऱ्याला भितात. एकीला भीती असते की तो येईल, दुसरीला भीती असते की तो निघून जाईल. पहिली बाहेरख्याली, दुसरी प्रेमळ. धर्मपंडितांनी यांना गुलामाचं भय आणि लेकराचं भय अशी नावं दिली. ल्यूथरनं हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं. त्याचा उपयोग त्याला झाला नाही, कारण त्याचं मन लगेच पुढची शंका काढायचं: माझं भय या दोहोंपैकी कुठलं?

ती गाठ सुटली रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातल्या सतराव्या वचनावर. ‘देवाचं न्यायीपण’ म्हणजे देव ज्या न्यायानं शिक्षा करतो तो, असं तो समजत होता. रात्रंदिवस त्या शब्दांवर विचार करताना त्याला उमगलं की देव विश्वासाद्वारे माणसाला जे न्यायीपण देऊ करतो ते हे. स्वर्गाची दारं उघडावीत तसं वाटलं, असं तो लिहितो. हे नक्की कोणत्या वर्षी घडलं यावर अभ्यासक अजून भांडतात, १५१३पासून १५१९पर्यंत सगळी वर्षं मांडून झाली आहेत. मला त्या भांडणात एवढंच महत्त्वाचं वाटतं की जे घडलं त्यानं खतावणी जुळली नाही. खतावणीच दुसऱ्याच्या हाती गेली.

बरा झाला का?

नाही. चर्चमधल्या साक्षीच्या सभांमध्ये ‘तेव्हापासून माझी भीती कायमची गेली’ असं ऐकायची सवय झाली की ल्यूथरचं पुढचं आयुष्य अडचणीचं वाटू लागतं.

६ जुलै १५२७ला, म्हणजे सगळ्या युरोपात त्याचं नाव गाजल्यावर, त्याला चक्कर आली, कानात प्रचंड आवाज होऊ लागला, तो कोसळला. आता मरणार असं त्याला वाटलं. त्याच दिवशी त्यानं विटेनबर्गचा पाळक योहानेस बूगेनहागेन याच्याजवळ पापनिवेदनही केलं होतं. शरीर सावरलं, पण मन महिनोन्‌महिने सावरलं नाही. आठवडाभर मी मरणात आणि नरकात फेकला गेलो होतो, अंगाचा थरकाप अजून जात नाही, असं त्यानं सहकारी मेलांक्टनला लिहिलं. ऑगस्टमध्ये विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येनाला हललं. ल्यूथर गेला नाही. घरात गरोदर बायको काटारिना (संन्यास सोडून त्यानं लग्न केलं होतं), लहान मुलगा, आणि घराचंच झालेलं रुग्णालय.

त्याच वर्षी त्यानं एक पत्रक लिहिलं: प्लेगमध्ये पळावं की नाही? कोविडच्या काळात जगभरच्या मंडळ्यांत ते पुन्हा वाचलं गेलं. त्यातला माणूस आपल्या सहा तासांच्या संन्याशाहून इतका वेगळा आहे की आश्चर्य वाटतं. औषध घ्या, घराला धुरी द्या, गरज नसेल तिथे जाऊ नका, आपल्यामुळे दुसऱ्याला लागण होऊ देऊ नका. ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही त्यानं खुशाल पळावं. पाळक, अधिकारी, वैद्य, ज्याला शेजाऱ्याचं करायचंय त्यानं राहावं. मग देवाला मला न्यायचंच असेल तर तो मला शोधून काढेलच, पण माझ्या हातात होतं ते मी केलेलं असेल.

‘माझ्या हातात होतं ते’! बीलचंच वाक्य जवळजवळ. पण इथे त्याला शेवट आहे. धुरी दिली, औषध घेतलं, शेजाऱ्याला पाणी पाजलं, झालं. पूर्ण मन लावून दिलं का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मनाच्या आत शिरून तपासायची परवानगीच त्यानं काळजीला दिलेली नाही. आणि हे लिहिणारा माणूस त्याच दिवसांत आतून पिळवटून निघत होता.

पुढे तो स्वतःच वैद्य झाला. १५३०च्या उन्हाळ्यात कोबुर्गच्या गढीतून त्यानं हिरोनिमस वेलरला पत्र लिहिलं. हा तरुण त्याच्या घरी राहून मुलांना शिकवायचा आणि खिन्नतेनं ग्रासला होता. उपाय वाचून सोवळी मंडळी बिचकतात: एकटा बसू नकोस, चारचौघांत जा, थट्टामस्करी कर, दोन घोट जास्त पी, आणि सैतान पी नकोस म्हणत असेल तर मुद्दाम पी. तो तुझी पापं तोंडावर फेकेल तेव्हा म्हण, हो, मी मरणाला आणि नरकाला पात्र आहे, मग? माझ्यासाठी ज्यानं भोगलं त्याला मी ओळखतो.

हे ‘मग?’ मला फार मोलाचं वाटतं. ल्यूथर वेलरला निर्दोष असल्याचा पुरावा गोळा करायला सांगत नाही. आरोप मान्य कर आणि पुढे चाल, म्हणतो. आजच्या उपचारातही हेच शिकवतात की शंका आली तरी ती फेडायला धावू नये, अस्वस्थपणा अंगावर घेऊन बसावं, तो आपोआप ओसरतो. कॅथलिक परंपरेतले अनुभवी धर्मगुरूही अशा माणसाला एकाच गुरूचं ऐकायला आणि सांगून झालेलं पाप पुन्हा न सांगायला लावत आले आहेत.

पापनिवेदन त्यानं मोडीत काढलं नाही, हे पुष्कळ प्रोटेस्टंटांना ठाऊकच नसतं. सहा तास मात्र काढून टाकले. ज्या पापांची जाणीव आहे आणि जी मनाला टोचतात तेवढीच सांगावीत, असं त्याच्या लघु प्रश्नोत्तरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या छोट्या पुस्तिकेत, आहे. १५३०च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे त्याच्या बाजूच्या लोकांनी सम्राटापुढे मांडलेल्या श्रद्धेच्या निवेदनात, तर स्पष्टच म्हटलं की सगळ्या पापांची यादी देण्याची गरज नाही, आणि आधार दिला एकोणिसाव्या स्तोत्राचा: आपल्या चुका कोणाला समजतात? त्याच लघु प्रश्नोत्तरीत पहिल्या आज्ञेचा अर्थ एका ओळीत आहे. आपण सर्वांहून अधिक देवाचं भय धरावं, त्याच्यावर प्रीती करावी आणि भरवसा ठेवावा. भय पहिलंच आहे. पुसलेलं नाही. फक्त त्याला एकटं सोडलेलं नाही.

आपल्याकडे

चिंता करणं हे अविश्वासाचं लक्षण आहे, म्हणून पाप आहे, असं आपल्या चर्चच्या व्यासपीठांवरून सर्रास सांगितलं जातं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण समोर बसलेल्या बाईला आधीच रात्र रात्र झोप नसते. मुलाची नोकरी, सासऱ्यांचं डायलिसिस, घराचा हप्ता. ती घरी जाते ती यादीत आणखी एक पाप घेऊन: मी काळजी केली. आता काळजी केल्याची काळजी. सहा तासांची बैठक अशीच सुरू होते, फक्त ती गादीवर, अंधारात होते आणि समोर श्टाउपिट्झ नसतो. अशा बाईला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला पाळकानं बिचकू नये. प्लेगमध्ये औषध घ्या म्हणणाऱ्या माणसाच्या परंपरेत ते बसतं.

काटारिनाची काळजी

जानेवारी १५४६मध्ये ल्यूथर मान्सफेल्डच्या सरदारांचं भांडण मिटवायला निघाला. वय बासष्ट, तब्येत खालावलेली, कडाक्याची थंडी, ‘झाले’ नावाच्या नदीला पूर. मागे विटेनबर्गला काटारिना काळजीनं झोपेना. ७ फेब्रुवारीला त्यानं तिला लिहिलं की तू तर देवासाठीही काळजी करायला लागलीस, जणू तो सर्वसमर्थ नाही आणि एक म्हातारा ‘झाले’ नदीत बुडाला तर दहा डॉक्टर मार्टिन निर्माण करू शकत नाही. तुझ्याहून आणि सगळ्या देवदूतांहून चांगला काळजीवाहू माझ्यापाशी आहे. तो गव्हाणीत निजलाय, आणि तरी देवाच्या उजव्या हाताशी बसलाय. तीन दिवसांनी आणखी एक पत्र, मायना ‘पवित्र, काळजीवाहू’ बाईसाहेबांना. तुझी काळजी सुरू झाल्यापासून इथे माझ्या खोलीच्या दाराबाहेर आग लागली आणि डोक्यावर दगड पडता पडता वाचलो. तू काळजी थांबवली नाहीस तर शेवटी धरणीच आम्हाला गिळेल की काय, अशी भीती वाटते.

चेष्टा आहे, आणि तिच्यात माया आहे. पण मन चिंती ते वैरी न चिंती असं म्हणून तिची भीती उडवून लावता येत नाही. वैद्यकाच्या नजरेनं पाहिलं तर काटारिनाचंच बरोबर होतं. म्हातारा खरोखर संपत आला होता. त्याच्या मागे वर्षाच्या आत युद्ध आलं, तिला मुलांना घेऊन विटेनबर्ग सोडून पळावं लागलं, शेतं उद्ध्वस्त झाली. तिच्या काळजीत खोटं काही नव्हतं.

१४ फेब्रुवारीला त्यानं तिला शेवटचं पत्र लिहिलं. त्यात उपदेश नाही. काम आटोपत आलंय, देवाची इच्छा असेल तर या आठवड्यात घरी येऊ. आणि काउंट आल्ब्रेख्टच्या पत्नीनं भेट दिलेले ट्राउट मासे सोबत पाठवतोय. चार दिवसांनी, १८ फेब्रुवारीला पहाटे, तो आइसलेबेनलाच वारला.